शाळेतल्या स्पीच थेरपिस्टकडे नेमकी कुठली डिग्री हवी, आणि ती तपासायची कुणी?

वाघबीळची_आई | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझी लेक साडेपाच वर्षांची, घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत सीनियर केजीला आहे. बडबड भरपूर, पण घराबाहेरच्या माणसाला त्यातलं निम्मंच कळतं. 'काका'चं 'ताता', 'गाडी'चं 'दाडी', शिवाय शब्दांचे शेवट गिळते. शाळेनेच सुचवलं की आमच्याकडे स्पीच थेरपी आहे, लावून टाका. महिन्याला १८०० रुपये वेगळे, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, लायब्ररीशेजारच्या खोलीत.

सहा महिने झाले. एकदा लवकर न्यायला गेले तेव्हा दारातून बघितलं. टेबलावर आरसा, एक मेणबत्ती. लेक फुंकर मारत होती आणि मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मॅडम स्वभावाने फार गोड आहेत, लेक आनंदाने जाते. पण 'ताता' अजून 'ताता'च आहे.

पालकसभेत विचारलं, मॅडमचं शिक्षण काय? उत्तर आलं, "त्या सर्टिफाइड आहेत." कशात, कुणाकडून, काही नाही. परत विचारलं तर को-ऑर्डिनेटरचा चेहरा असा झाला की मीच गप्प बसले.

तर मला एवढंच हवंय: या कामाला कायद्याने काय पात्रता लागते? आणि ते विचारणं म्हणजे शिक्षकाचा अपमान होतो का? शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

नेरूळचा_बाबा | सोमवार, रात्री ११:०५

अपमान कसला? स्कूलबसच्या ड्रायव्हरचं लायसन्स आपण बघतोच ना. मुलाच्या जिभेवर आणि कानावर काम करणाऱ्याचं का बघू नये? खुशाल विचारा.

नौपाडा_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, इतकी काळजी करू नका. माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता. आमच्या आईने वेखंड मधात उगाळून रोज जिभेला लावलं. आज तो बँकेत मॅनेजर आहे आणि फोन हातात घेतला की खाली ठेवत नाही. मुलं आपापल्या वेळेने बोलतात.

कोपरखैरणे_सेक्टर४ | मंगळवार, सकाळी ८:२०

आजोबा, आदर आहेच, पण 'आपापल्या वेळेने' म्हणत म्हणत आम्ही दीड वर्ष घालवलं. मुलाला कमी ऐकू येत होतं. तीन वर्षांचा झाल्यावर बेरा ही ऐकण्याची तपासणी केली तेव्हा कळलं. ते दीड वर्ष परत येत नाही हो.

ध्वनिलहर | मंगळवार, दुपारी १:३०

मी ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासणारी आणि बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणारी. नवी मुंबईत १४ वर्षं काम करतेय. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, पण हा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर.

आपल्याकडे या कामाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. कायदा १९९२ चा. त्यात पुनर्वसन व्यावसायिकांची जी यादी आहे, तिची सुरुवातच ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांच्यापासून होते. नोंदणी झाली की केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव चढतं आणि नंबर मिळतो. आम्ही सगळे त्याला सीआरआर नंबर म्हणतो. त्याला मुदत असते, आणि नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे सीआरई गुण जमवावे लागतात.

पदवी म्हणजे बीएएसएलपी, ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीची. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. माझ्या आधीच्या पिढीत हिलाच बी.एससी. स्पीच अँड हिअरिंग म्हणत. मुंबईत नायर रुग्णालयाचं कॉलेज आणि वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था या दोन जुन्या जागा. पुढे एम.एससी. करताना ऑडिओलॉजी किंवा स्पीच असे फाटे फुटतात. एक वर्षाचा डीएचएलएस डिप्लोमाही आहे. ती माणसं फार उपयोगाची असतात, पण त्यांचं काम पदवीधराच्या देखरेखीखाली सहायकाचं. निदान करणं, उपचाराची दिशा ठरवणं हे त्यांच्याकडे नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसता सीआरआर नंबर आहे एवढ्यावर थांबू नका. नोंदणी कुठल्या प्रकारात आहे ते बघा. विशेष शिक्षकही आरसीआयकडेच नोंदलेले असतात, त्यांनाही नंबर असतो. पण त्या नंबरावर स्पीच थेरपी करता येत नाही, जसं माझ्या नंबरावर मला विशेष शिक्षिका होता येणार नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर शोधलं की प्रकार दिसतो.

मेणबत्तीबद्दल: फुंकर मारल्याने फुंकर सुधारते. 'क' म्हणायला जिभेची मागची बाजू वर टाळूला टेकावी लागते, आणि ते 'क' म्हणूनच शिकता येतं. 'क' चा 'त' होणं लहानपणी अगदी स्वाभाविक आहे, पण साधारण चार वर्षांपर्यंत ते जायला हवं. साडेपाचला ते असेल तर शोध घ्यायचा.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मी शेवटी विचारतेय: लेकीची श्रवण चाचणी झाली आहे का?

वाघबीळची_आई | मंगळवार, दुपारी २:१०

नाही हो ताई. कुणी सांगितलंच नाही. हाक मारली की ओ देते, टीव्ही बघते, मग ऐकू येतं असंच धरून चाललो होतो.

ध्वनिलहर | मंगळवार, दुपारी २:२५

ओ देणं म्हणजे नीट ऐकू येणं नव्हे. स्वर मोठे असतात, व्यंजनं हळू. 'आ', 'ओ' भिंतीपलीकडूनही कळतात. 'स', 'त', 'क' समोर बसूनही निसटतात. मराठीत तर 'तू येतेस' मधला तो शेवटचा 'स' किती बारीक! थोडं जरी कमी ऐकू येत असलं तरी पहिल्यांदा शब्दांचे शेवटच गळतात. या आठवड्यात चाचणी करून घ्या. बाकी चर्चा चालू राहू दे.

कळव्याची_बाई | मंगळवार, रात्री ९:००

मी पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ध्वनिलहर ताईंचं सगळं पटतं, पण दुसरी बाजूही मांडते.

आमच्या शाळेत स्पीच थेरपिस्ट हे पदच नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षिका येतात, त्यांच्याकडे कितीतरी शाळा असतात. त्या आल्या की मी माझी चार मुलं त्यांच्यापुढे बसवते, पुन्हा त्या कधी येतील याची वाट बघते. दिव्यांग मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे म्हणतात. त्यात साहित्य, प्रवास, थेरपी सगळं. तेवढ्यात आठवड्याला थेरपी कशी बसवायची?

माझ्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो. वाचनाची पाळी आली की पोट दुखतं म्हणतो. त्याच्यासाठी कुणी आलंच नाही, म्हणून मी पुस्तकं वाचून जमेल तसं केलं. त्याला घाई करत नाही, त्याचं वाक्य मी पुरं करत नाही, बाकीच्या मुलांनाही करू देत नाही. आता तुम्ही म्हणाल नोंदणी नसेल तर हातच लावायचा नाही, तर गरिबाच्या मुलाला काय मिळणार? डिग्रीचा आग्रह परवडणाऱ्यांना परवडतो.

वाशी_वकील | मंगळवार, रात्री ९:४५

कायदा काय म्हणतो ते सांगतो. आरसीआय कायद्याचं कलम १३: नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला भारतात कुठेही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येत नाही, सरकारी किंवा स्थानिक संस्थेत तसं पद धारण करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हजार रुपये! १९९२ साली त्याला काही वजन असेल. आज धागाकर्तीची एका महिन्याची फी त्याहून जास्त आहे. मला या आकड्याचा मनापासून संताप येतो. लहान मुलाची भाषा घडण्याची वर्षं वाया गेली तर त्याची किंमत हजार रुपये?

कळव्याच्या बाई, तुम्ही करता ते थेरपी नाही, ते चांगलं शिकवणं आहे. त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.

ध्वनिलहर | मंगळवार, रात्री १०:३०

वकीलसाहेबांना अनुमोदन. बाई, तुम्ही त्या मुलासाठी जे केलंत तेच मी शिक्षकांना सांगते: थांबा, डोळ्यांत बघा, वाक्य त्यालाच पुरं करू द्या. माझा आक्षेप आहे तो 'थेरपी' म्हणून पैसे घेऊन, पालकांना 'आता उपचार चालू आहे' असं वाटायला लावण्याला. कारण मग ते दुसरीकडे जातच नाहीत.

गरिबाच्या मुलाचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळेत तपासणी होते, पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, तिथे ऑडिओलॉजिस्टचं पद असतं. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. वांद्र्याच्या संस्थेत तपासणी अगदी माफक खर्चात होते. पण मुलाला घेऊन दादरला गाडी बदलून वांद्रे, तिथून रेक्लमेशन, म्हणजे आईचा एक दिवसाचा रोज बुडतो. आठवड्यातून दोनदा कोण करू शकेल? म्हणूनच थेरपिस्ट शाळेत असायला हवा.

सॅक्रामेंटोकर | बुधवार, पहाटे ४:५०

मूळची ठाण्याची, पाचपाखाडीची. नायरमधून पदवी करून इकडे मास्टर्स केलं, आता कॅलिफोर्नियात सरकारी शाळांमध्ये स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट आहे. इकडची पद्धत तुलनेसाठी लिहिते.

इथे दोन-तीन वेगवेगळे कागद असतात आणि सुरुवातीला माझाही गोंधळ झाला होता. मास्टर्स तर हवीच. शिकताना देखरेखीखाली ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव. मग प्रॅक्सिस नावाची परीक्षा, १६२ गुणांना पास. त्यानंतर ३६ आठवडे अनुभवी माणसाच्या हाताखाली काम, त्याला क्लिनिकल फेलोशिप म्हणतात. एवढं झालं की आशा या राष्ट्रीय संघटनेचं सीसीसी प्रमाणपत्र मिळतं. पण त्याने शाळेचं दार उघडत नाही! सरकारी शाळेसाठी राज्याच्या टीचर क्रेडेन्शियलिंग आयोगाचं वेगळं क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेत काम करण्याचा दाखला, लागतं, तोच आयोग जो शिक्षकांना देतो. दवाखान्यात काम करायचं तर राज्याच्या बोर्डाचं लायसन्स. क्रेडेन्शियलसाठी बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंदीही तपासतात. ऑडिओलॉजिस्टना तर आता डॉक्टरेटच लागते, एयूडी, आणि शाळेत काम करायचं तर त्यांचंही वेगळं क्रेडेन्शियल. राज्य बदललं की नियम बदलतात. न्यूयॉर्कमध्ये याच कामासाठी शिक्षण खात्याचं निराळं शिक्षक-प्रमाणपत्र आहे.

वेगळा कागद का? कारण शाळेतलं काम दवाखान्यापेक्षा वेगळं. इथे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा लागतो, आयईपी. पालकांनी संमती दिल्यापासून ६० दिवसांत तपासणी पूर्ण करायची. मुलाला 'र' येत नाही हे पुरेसं नाही, त्यामुळे त्याचं शिक्षण कुठे अडतंय ते दाखवावं लागतं. वर्गात बसावं लागतं, शिक्षकाशी बोलावं लागतं. हे कुणी दवाखान्यात शिकवत नाही.

माणसं इथेही मिळत नाहीत हं. सरासरी ५५ मुलांची मर्यादा आहे माझ्यासारखीवर, आणि ५५ म्हणजे काय ते शुक्रवारी संध्याकाळी मला विचारा. कुणीच मिळालं नाही तर शाळेला तात्पुरती सूट मागता येते. पण ती आयोगाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि तिला मुदत असते. शाळेने परस्पर ठरवून टाकलं असं चालत नाही.

तिकडच्या मुलामुलींसाठी: अमेरिकन संघटनेचा काही देशांशी परस्पर मान्यतेचा करार आहे, त्यात भारत नाही. त्यामुळे बीएएसएलपी करून थेट इथल्या शाळेत लागू अशी आशा धरू नका.

नेरूळचा_बाबा | बुधवार, सकाळी ७:३०

'आशाचं प्रमाणपत्र' वाचून बायको म्हणाली, अमेरिकेतही आशाताई घरोघरी जातात वाटतं!

सॅक्रामेंटोकर | बुधवार, सकाळी ८:०५

हाहा, आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तीही हेच म्हणाली होती.

घणसोली_गाव | बुधवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितो. आम्ही आगरी. घरात 'पानी', 'डोला' असंच बोलतो, 'ण' आणि 'ळ' आमच्या बोलीत नाहीतच म्हणा ना. पुतण्याला इंग्रजी शाळेत टाकलं. तिथल्या 'स्पीच' वाल्या बाईंनी सहा वर्षांच्या पोराच्या डायरीत लिहून पाठवलं की उच्चारदोष आहे, थेरपी लावा, आणि घरी फक्त इंग्रजी बोला. माझी वहिनी जेमतेम आठवी. तिने महिनाभर पोराशी बोलणंच कमी केलं, चुकीचं कानावर पडायला नको म्हणून. पोरगं आजीला विचारायचं, आई रुसलीय का?

नंतर एका जाणत्या थेरपिस्टकडे नेलं. त्यांनी आजीला समोर बसवून बोलतं केलं, मग पोराला. म्हणाल्या, याच्यात काही दोष नाही, हा तुमच्यासारखाच बोलतो आणि छान बोलतो. आजी रडली तिथेच.

तेव्हा डिग्री कशाला हवी ते मला तिथे कळलं. काय चुकीचं नाही हे ओळखायलाही शिक्षण लागतं.

कळव्याची_बाई | बुधवार, दुपारी १:१५

दादा, वाचून घशाशी आलं. माझ्या वर्गात निम्मी मुलं 'पानी' म्हणतात. मी लिहिताना 'ण' शिकवते, बोलताना टोकत नाही.

ध्वनिलहर | बुधवार, दुपारी २:००

घणसोली दादा, हे माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे. बोलीतला फरक आणि दोष यातली रेघ ओळखणं हा आमच्या अभ्यासाचा गाभा आहे. आणि 'घरी इंग्रजीच बोला' हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. दोन भाषांनी मूल बोलायला मागे पडत नाही. आईने जी भाषा भरभरून बोलता येते तीच बोलावी.

सीवूड्स_समन्वयक | बुधवार, रात्री ८:५०

मी एका शाळेत समावेशित शिक्षणाचं काम बघते, त्यामुळे शाळांच्या वतीने थोडं.

सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक आणि समुपदेशक नेमणं बंधनकारक आहे. स्पीच थेरपिस्ट नेमाच असं त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरामागे एक असं प्रमाण सांगितलं, तेही विशेष शिक्षकांबद्दल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा-भाषा दोष आणि श्रवणदोष दोन्ही मानतो, मुलाला लागेल तो आधार शाळेने द्यावा म्हणतो, पण तो आधार देणारं पद शाळेच्या नोकरवर्गात कुठेच नाही. मग शाळा काय करते? आहे त्या विशेष शिक्षिकेवरच सगळं टाकते.

आम्ही दोनदा जाहिरात दिली. शिक्षकाच्या पगारात बीएएसएलपी झालेलं माणूस टिकत नाही, दवाखान्यात तासावर जास्त मिळतात. शेवटी आम्ही जवळच्या दुसऱ्या शाळेबरोबर मिळून एक थेरपिस्ट ठेवली, तीन दिवस त्यांच्याकडे, दोन दिवस आमच्याकडे. नेमताना तिचा नोंदणी दाखला घेतला, संकेतस्थळावर पडताळला आणि तिच्या खोलीबाहेर लावला. एकाही पालकाला विचारावं लागत नाही. वाघबीळच्या ताई, ज्या शाळेला हे दाखवायला अडचण वाटते तिथे काहीतरी अडलेलं आहे.

नौपाडा_आजोबा | बुधवार, रात्री ९:३०

सर्व प्रतिसाद वाचले. वेखंडाचा सल्ला मागे घेतो. ताई, आधी कान तपासा.

वाघबीळची_आई | शुक्रवार, रात्री ११:२०

आज मी सरळ मॅडमनाच भेटले, को-ऑर्डिनेटरला नाही. शाळा सुटल्यावर, त्या खोलीतच. म्हटलं, रागावू नका, पण तुमचा सीआरआर नंबर मिळेल का?

त्या जरासुद्धा रागावल्या नाहीत. पर्समधून कार्ड काढून दिलं. नोंदणी खरी आहे, मुदतीतली आहे. प्रकार: विशेष शिक्षिका, बौद्धिक अक्षमता. ध्वनिलहर ताई म्हणाल्या होत्या अगदी तसंच.

मग त्या स्वतःच बोलायला लागल्या. म्हणाल्या, मला विशेष शिक्षिका म्हणून घेतलं, वर्षभराने वेळापत्रकावर माझ्या नावापुढे 'स्पीच' छापून आलं. मी दोनदा सांगितलं की हे माझं काम नाही. तीन दिवसांची एक कार्यशाळा केली होती, शाळा त्यालाच सर्टिफिकेट म्हणते. आणि मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीची कानाची तपासणी करून घ्या असं मी जुलैत लिहून दिलं होतं. तुम्हाला मिळालं नाही का?"

मला मिळालं नव्हतं. मी त्या छोट्या खुर्चीवर बसूनच राहिले.

वाशी_वकील | शनिवार, सकाळी ९:१०

शाळेला लेखी द्या. साध्या भाषेत: स्पीच थेरपी या नावाने घेतलेली फी, देणाऱ्या व्यक्तीची नोंदणी कुठल्या प्रकारातली, आणि जुलैची नोंद पालकांपर्यंत का पोचली नाही. पोच घ्या. मॅडमचं नाव कुठेही आरोपी म्हणून येऊ देऊ नका, त्यांनी तर खरं सांगितलं. उत्तर नाही आलं तर परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

कोपरखैरणे_सेक्टर४ | शनिवार, सकाळी ९:४०

मॅडमचं वाईट वाटलं. दोन्हीकडून त्यांचीच कोंडी.

वाघबीळची_आई | पुढचा गुरुवार, रात्री १०:००

श्रवण चाचणी झाली. लिहायला उशीर झाला, जरा सावरायला वेळ लागला.

लहान काचेची खोली. लेकीला हेडफोन लावला, समोर वाटी आणि लाकडी मणी. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. सुरुवातीला भराभर टाकत होती. मग आवाज बारीक होत गेले आणि ती मणी गालाला लावून थांबली. ऑडिओलॉजिस्ट बटण दाबत होत्या, दिवा लागत होता, आणि माझी लेक माझ्याकडे बघून हसत होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी काचेबाहेर.

दोन्ही कानांनी साधारण ३५-४० डेसिबलने कमी ऐकू येतंय. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणाऱ्या तपासणीत, आलेख सपाट. पडद्यामागे पाणी साठलंय म्हणाल्या, आणि ते बहुधा बरेच महिने असावं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकामागच्या गाठी, अ‍ॅडेनॉइड, वाढलेत असं सांगितलं. औषध चालू, ठरावीक दिवसांनी पुन्हा चाचणी, पाणी हटलं नाही तर पडद्यात छोटी नळी बसवतात. कायमचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

थेरपी आता बाहेर लावली आहे, नोंदणी बघूनच. पहिल्याच दिवशी त्यांनी आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज तोंड झाकून म्हटले. 'श' आणि 'स' ला लेक गप्प. शाळेला त्यांनी चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, तिच्याकडे तोंड करून बोला, पंख्याखाली बसवू नका. वर्गशिक्षिकेने दुसऱ्या दिवशी जागा बदलली.

शाळेने लेखी उत्तर दिलं. वेळापत्रकावरून 'स्पीच' काढलं, फी परत करतायत, आणि पुढच्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस नोंदणीकृत थेरपिस्ट घेऊ म्हणतायत. सीवूड्सच्या ताईंची दोन शाळा मिळून ठेवण्याची कल्पना मी त्यांना सांगितली. मॅडम नोकरीवर आहेत, आणि जुलैतल्या त्या चिठ्ठीसाठी मी त्यांचे हात धरले.

सॅक्रामेंटोकर | शुक्रवार, पहाटे ५:१५

छान केलंत. चाचणीच्या कागदांची एक फाईल करून ठेवा, तारखांसकट. पुढे शाळा बदलली तरी ती तुमच्या हातात राहील.

कळव्याची_बाई | शुक्रवार, रात्री ८:३०

वाघबीळच्या ताई, तुमचं वाचल्यापासून वर्गात बघते तर तीन मुलं मान वाकडी करून ऐकतात असं दिसतंय. आधी मी त्यांना लक्ष नाही म्हणून ओरडायचे. ध्वनिलहर ताई, आमच्या पहिलीच्या ३८ मुलांची नुसती चाळणी चाचणी शाळेत करता येईल का? मुख्याध्यापकांना आणि पालकांना मी विचारते.

ध्वनिलहर | शुक्रवार, रात्री ९:०५

येईल. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात, तीनच वारंवारता बघायच्या. दोन शनिवार धरा. शाळेत रस्त्यापासून लांबची, पंखा बंद करता येईल अशी एक खोली बघून ठेवा. मशीन मी घेऊन येते.